जोडीदार निवडताना आणि मुले वाढवताना निर्णयशास्त्र कितपत उपयोगी पडते?

संख्यावेडी
नमस्कार मंडळी. मी नाशिकचीच, संख्याशास्त्रात एम.एस्सी. केले आहे आणि अंबडच्या एका कारखान्यात गुणवत्ता विभागात काम करते. घरी माझ्यासाठी स्थळे पाहणे सुरू आहे. बाबांचा भर पत्रिकेवर आणि घराण्यावर आहे, आईचा मुलाच्या स्वभावावर आणि आमच्या घरापासूनच्या अंतरावर. धाकट्या भावाने कुठेतरी ३७ टक्क्यांचा नियम वाचला असून, पहिली काही स्थळे निव्वळ पाहून सोडून द्यायची आणि त्यानंतर आधीच्या सर्वांपेक्षा सरस दिसेल त्या पहिल्या मुलाला होकार द्यायचा, असे तो मला रोज सांगतो. मी स्वतः एक तक्ता केला आहे. त्यात स्वभाव, नोकरीची स्थिरता, राहण्याचे गाव, दोन्हीकडच्या आईवडिलांची जबाबदारी, मुलांविषयीचे मत अशा बाबींना गुण आणि प्रत्येक बाबीला महत्त्वानुसार भार दिला आहे.

माझे प्रश्न दोन आहेत. आयुष्यभराची सोबत निवडताना असा हिशोब मांडणे योग्य आहे का, आणि असेल तर नेमका कुठे? पुढे मूल हवे की नको, केव्हा हवे आणि ते कसे वाढवायचे, यातही तुमच्यापैकी कोणी अशी विचारपद्धत वापरली आहे का? ‘मन सांगेल तसे कर’ हा सल्ला मला मिळाला आहे. त्याच्या पुढचे ऐकायची इच्छा आहे.

गणित_शिक्षक
ताई, भावाचा नियम बरोबर आहे, परंतु तो ज्या प्रश्नाचे उत्तर आहे तो प्रश्न तुमचा नाही. मार्टिन गार्डनर यांनी फेब्रुवारी १९६० मध्ये ‘सायंटिफिक अमेरिकन’च्या आपल्या सदरात हे कोडे मांडले आणि तेव्हापासून ते लग्नाला चिकटले आहे. त्याच्या अटी पाहा. एकूण उमेदवार किती हे आधीच ठाऊक असावे लागते, ते एकेक करून कोणत्याही क्रमाने येतात, नाकारलेल्याकडे परत जाता येत नाही, आपण होकार दिला की समोरचा नकार देत नाही, आणि सर्वोत्तम एकच हवा, दुसरा क्रमांक मिळाला तरी ते अपयशच. इतके सगळे मान्य केल्यानंतरसुद्धा सर्वोत्तम व्यक्ती हाती लागण्याची शक्यता जेमतेम ३७ टक्केच असते. सर्वोत्तम व्यक्ती सुरुवातीच्या सोडून दिलेल्या गटात असण्याची शक्यताही तेवढीच, आणि तसे झाले तर नियम पाळणारा माणूस शेवटच्या स्थळापर्यंत बसून राहतो व जे उरेल त्याला होकार देतो.

अटी बदलल्या की आकडाही बदलतो. तुमचा होकार समोरून निम्म्या वेळा नाकारला जाईल असे धरले, तर निव्वळ पाहण्याचा टप्पा ३७ वरून २५ टक्क्यांवर येतो. आणि ‘सर्वोत्तमच हवा’ हा हट्ट सोडून ‘सरासरीने जास्तीत जास्त चांगला मिळावा’ हे उद्दिष्ट ठेवले, तर साधारण एकूण संख्येच्या वर्गमुळाहून एक कमी इतकी स्थळे निव्वळ पाहून सोडणे पुरते. २५ स्थळे येणार असतील तर एक नियम ९ सोडायला सांगतो आणि दुसरा ४. म्हणून आधी ठरवायचे ते उद्दिष्ट. माझ्या अनुभवात बहुतेक घरांत याच टप्प्यावर घोळ होतो, कारण घरातील प्रत्येक माणूस वेगळ्या उद्दिष्टाने तेच स्थळ मोजत असतो.

पंचवटीकर
या संदर्भात केप्लरची हकिगत आठवते. ग्रहांच्या कक्षा लंबवर्तुळाकार आहेत हे सांगणारा योहानेस केप्लर. १६११ मध्ये त्याची पहिली पत्नी वारली. घरात लहान मुले होती, म्हणून त्याने दुसऱ्या लग्नासाठी पद्धतशीर शोध सुरू केला आणि दोनेक वर्षांत ११ स्थळे पाहिली. प्रत्येक स्थळाचे गुणदोष त्याने एका पत्रात सविस्तर लिहून ठेवले आहेत. अखेर १६१३ मध्ये त्याने लग्न केले ते पाचव्या मुलीशी, सुझाना रॉइटिंगरशी. ती अनाथ होती आणि तिचे घराणे त्याच्या तोलामोलाचे नाही असे त्याच्या स्नेह्यांना वाटत होते, तरी हा संसार सुखाचा झाला असे चरित्रकार सांगतात. अकरा पाहून तो पाचवीकडे परतला, म्हणजे ‘मागे जाता येत नाही’ ही अट त्याला लागू नव्हती. आपल्याकडेही मध्यस्थ चांगला असेल तर तीन महिन्यांनी पुन्हा विचारणा होतेच.

नाशिककरांसाठी एक भर घालतो. त्या लग्नाच्या वेळी विकत घेतलेल्या वाइनची पिंपे व्यापारी एक काठी तिरकी घालून मोजतात हे पाहून केप्लरला त्या पद्धतीविषयी शंका आली आणि त्यातून १६१५ मध्ये त्याचा घनफळ मोजण्यावरचा ग्रंथ सिद्ध झाला. आपल्या वाइनच्या गावात ही गोष्ट सर्वांना ठाऊक असायला हवी.

ओझरकर
तक्ता करणे हे काही आपल्याकडे परके नाही. पत्रिकेचे ३६ गुण म्हणजे भारांकन केलेला तक्ताच आहे. वर्णाला १, वश्याला २, तारेला ३, योनीला ४, ग्रहमैत्रीला ५, गणाला ६, भकूटाला ७ आणि नाडीला ८ गुण, बेरीज ३६, आणि १८ च्या खाली गेले तर स्थळ पुढे न्यायचे नाही. शिवाय एकनाड असेल तर बाकीची बेरीज कितीही असो, बरेच जण तिथेच थांबतात. निर्णयशास्त्राच्या भाषेत सांगायचे तर भारित बेरीज, किमान उंबरठा आणि एका बाबीला नकाराधिकार, अशी ही रचना आहे. रचनेत दोष नाही, दोष तिच्यात भरल्या जाणाऱ्या माहितीत आहे. आठही बाबी जन्मवेळच्या चंद्राच्या राशी-नक्षत्रावरूनच ठरतात. मुलगा चिडला की काय करतो, कर्ज किती आहे, बहिणीशी कसा बोलतो, यातले काहीही त्या ३६ मध्ये नाही. संख्यावेडी ताईंनी रचना तीच ठेवून माहिती बदलली आहे, आणि मला ते पूर्णपणे मान्य आहे.

कॉलेजरोडच्या_आजी
ओझरकर, पत्रिकेचा एक उपयोग तुम्ही विसरलात. दोन्ही घरांची अब्रू राखून नकार देण्याची ती सोय होती आणि आजही आहे. ‘पत्रिका जुळत नाही’ असे कळवले की मुलीच्या रंगावर, मुलाच्या पगारावर किंवा सासूच्या जिभेवर कोणाला काही बोलावे लागत नाही. माझा स्वतःचा पत्रिकेवर फारसा विश्वास नाही, परंतु नकाराचे कारण सांगावे लागणार असेल तर माणसे नकार देणेच टाळतात आणि नको तिथे होकार देऊन बसतात, हे मी माझ्या नात्यात पाहिले आहे. संख्यावेडी बाळ, तुझ्या तक्त्यात ‘नकार कसा कळवायचा’ याची तरतूद आधीच करून ठेव.

निफाडचा_बागायतदार
इथली चर्चा वाचतो आहे आणि थोडे वेगळे लिहावेसे वाटते. तुमच्यापुढे प्रश्न आहे तो किती स्थळे सोडायची हा. आमच्या गावात तिशी ओलांडलेली, पदवी घेतलेली, स्वतःची द्राक्षबाग असलेली मुले आहेत आणि त्यांच्याकडे स्थळच येत नाही. मेळाव्याला जावे तर शेतकरी म्हटले की मुलीकडचे कागद बाजूला ठेवतात. शेतकऱ्याच्या मुलीलाही शेतकरी नवरा नको असतो, आणि बाजारभावाची अवस्था पाहता मी तिला दोष देणार नाही.

यात आणखी एक गोष्ट आहे जी कोणी मोठ्याने बोलत नाही. २००१ च्या जनगणनेत महाराष्ट्रात ० ते ६ वयोगटात १००० मुलांमागे ९१३ मुली होत्या. तीच पिढी आज लग्नाला आली आहे. २०११ मध्ये तो आकडा ८९४ वर गेला, म्हणजे पुढची दहा वर्षे यापेक्षा अवघड आहेत. त्या काळी एकेका घराने ‘आपल्यापुरता’ म्हणून जो निर्णय घेतला, तो त्या घराला हिशोबात फायद्याचा वाटला असेल, पण त्या सगळ्यांची बेरीज आज आमच्या ओसरीवर येऊन बसली आहे.

दुसरी गोष्ट, निकालावरून निर्णयाची किंमत करू नका. ऑक्टोबर छाटणीची तारीख आम्ही हवामान, पाणी आणि मजूर पाहून ठरवतो. नंतर फुलोऱ्यात अवकाळी पाऊस झाला आणि डावणी हा बुरशीचा रोग पडला, तर छाटणी चुकली असे कोणी शहाणा बागायतदार म्हणत नाही. तेव्हा जे ठाऊक होते त्यावर निर्णय योग्य होता का, एवढेच विचारायचे. माझ्या पुतणीचा घटस्फोट झाला तेव्हा सगळ्या भावकीने तिच्या वडिलांना ‘तूच चुकीचे स्थळ निवडले’ म्हणून धारेवर धरले. त्याने चौकशी करायची तेवढी केली होती. त्या माणसाला आजही झोप लागत नाही.

गणित_शिक्षक
दादा, तुमच्या प्रतिसादाने चर्चा योग्य जागी आली. लग्न हा दोन्ही बाजूंनी निवड करण्याचा प्रश्न आहे आणि त्याचे गणित वेगळे आहे. डेव्हिड गेल आणि लॉइड शॅप्ली यांनी १९६२ मध्ये दाखवले की दोन गटांतील प्रत्येकाने आपला पसंतीक्रम लिहून दिला, तर अशा जोड्या नेहमी लावता येतात की ज्यांत आपापले जोडीदार सोडून एकमेकांकडे जाण्याची इच्छा असलेली दोन माणसे शिल्लक राहत नाहीत. अशा जोड्यांना स्थिर म्हणतात. या कामासाठी शॅप्ली यांना २०१२ मध्ये ॲल्विन रॉथ यांच्यासह अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले. गेल तोपर्यंत हयात नव्हते. त्यातला महत्त्वाचा निष्कर्ष असा की ज्या गटाकडून विचारणा होते, त्या गटाला शक्य असलेल्या स्थिर जोड्यांपैकी सर्वांत चांगली जोडी मिळते, आणि जो गट आलेल्या विचारणेची वाट पाहतो त्याला सर्वांत कमी पसंतीची.

आपल्याकडे विचारणा बहुधा मुलीकडून होते, मग मुलींचा फायदा व्हायला हवा होता. तसे होत नाही, कारण विचारणा करतो तो बाप, आणि यादीचा क्रम त्याच्या पसंतीचा असतो. संख्यावेडी ताई, तुमच्या प्रश्नाचे माझे उत्तर हेच आहे. तक्ता भाराभर बाबींचा करा किंवा चारच बाबींचा, पण कोणाकडे आधी विचारायचे याची यादी तुमच्या हातची असू द्या.

सातपूरकर
मला या सगळ्याचा त्रास होतो आहे हे प्रामाणिकपणे सांगतो. माणसाला गुण देऊन उतरत्या क्रमाने लावले की ज्याला आपण निवडले तोही मनातल्या मनात ७८ गुणांचा नवरा राहतो आणि शेजारी ८१ गुणांचा दिसला की खुपायला लागते. माझा प्रेमविवाह आहे. आम्ही कसलाही हिशोब केला नाही आणि आमचे उत्तम चालले आहे.

पंचवटीकर
सातपूरकर, आपल्या म्हणण्यात तथ्य आहे, मात्र हिशोब केल्याने प्रेम आटते असे मला वाटत नाही. चार्ल्स डार्विनने १८३८ मध्ये कागदाचे दोन रकाने करून लग्न करावे आणि करू नये याची कारणे लिहिली होती. पुस्तकांना पैसे कमी उरतील, कामाला वेळ उरणार नाही, असे सगळे त्यात आहे. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये त्याने एमाला मागणी घातली आणि जानेवारी १८३९ मध्ये त्यांचे लग्न झाले. त्यांना दहा मुले झाली, त्यांपैकी तीन लहानपणीच गेली, आणि हे दोघे शेवटपर्यंत एकमेकांना धरून राहिले. त्याने कागदावर लग्न करावे की नाही हे मांडले, एमाला गुण दिले नाहीत. हा फरक मला महत्त्वाचा वाटतो.

कॉलेजरोडच्या_आजी
आणि सातपूरकर, तुम्ही हिशोब केला नाही असे म्हणता, पण तुम्ही दोघे एकमेकांना वर्षानुवर्षे ओळखत होतात ना? मग कागदाची गरज कशाला पडेल? तासाभरात पोहे खाऊन ज्यांना ठरवायचे आहे, त्यांनी काय करायचे ते सांगा.

सातपूरकर
आजी, हे मान्य. एकाच कंपनीत काम करत होतो, रात्रपाळीत माणूस कसा वागतो ते एकमेकांना दिसत होते.

प्रयोगशाळा
इतके प्रतिसाद झाले आणि निर्णयशास्त्रातील सर्वांत कामाची गोष्ट अजून कोणी मांडलेली नाही, ती म्हणजे माहितीचे मूल्य. एखादी माहिती मिळवायला खर्च किती आणि ती मिळाल्यावर निर्णय बदलण्याची शक्यता किती, हे पाहायचे. पाहण्याच्या कार्यक्रमात विचारले जाणारे बहुतेक प्रश्न या कसोटीवर नापास होतात. ‘छंद कोणते’ याच्या उत्तराने आजवर कोणाचा निर्णय बदललेला मी पाहिला नाही.

मी रक्ततपासणीच्या प्रयोगशाळेत काम करते, म्हणून माझ्या विषयातले सांगते. थॅलेसेमिया हा रक्ताचा आनुवंशिक आजार. त्याचा वाहक, म्हणजे ज्याच्याकडे सदोष जनुक एकाच पालकाकडून आले आहे असा माणूस, पूर्ण निरोगी असतो, त्याला काहीही जाणवत नाही. पण दोघेही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला थॅलेसेमिया मेजर, म्हणजे या आजाराचे गंभीर रूप, होण्याची शक्यता २५ टक्के असते. प्रत्येक वेळी २५ टक्के. एक मूल आजारी झाले म्हणजे पुढची तीन सुरक्षित, असा त्याचा अर्थ नाही, आणि हे शिकलेल्या माणसांनाही समजावून सांगावे लागते. अशा मुलाला आयुष्यभर दोन ते चार आठवड्यांनी रक्त चढवावे लागते. सिकलसेल या रक्ताच्या दुसऱ्या आनुवंशिक आजाराचे गणितही हेच आहे, आणि आपल्या जिल्ह्यातील सुरगाणा, पेठ, त्र्यंबकेश्वर या आदिवासी भागांत तो प्रश्न रोजचा आहे. एका साध्या रक्ततपासणीत वाहक आहे की नाही हे समजते.

माझ्यासमोरच्या खुर्चीवर एक आई बसते. तिचे मूल सहा वर्षांचे आहे. शीर सापडेपर्यंत ते स्वतःच दुसऱ्या हाताने आपला दंड घट्ट धरून ठेवते, कारण त्याला आता सवय झाली आहे. त्या आईने मला एकदा विचारले की आमच्या लग्नात पत्रिका तीन ठिकाणी दाखवली होती, मग ही तपासणी करा म्हणून एकानेही का सांगितले नाही? माझ्याकडे उत्तर नव्हते.

दोघेही वाहक निघाले तर लग्न मोडा असे मी म्हणत नाही. आधी ठाऊक असेल तर गरोदरपणाच्या दहाव्या ते बाराव्या आठवड्याच्या सुमारास गर्भाची तपासणी करता येते, समुपदेशन घेता येते, दत्तक घेण्याचा विचार करता येतो. माहिती असली की पर्याय वाढतात.

इंदिरानगर_बोलते
माहितीच्या मूल्याला माझे पूर्ण अनुमोदन. त्यात एक जोडते: माहिती लग्नाच्या आदल्या आठवड्यात मिळाली तरी तिचे मूल्य तेवढेच असते. माझ्या बहिणीचा साखरपुडा झाला होता, सभागृहाची आगाऊ रक्कम भरली होती, बस्ता झाला होता, पत्रिका छापून आल्या होत्या. तेव्हा कळले की मुलाने नोकरीबद्दल सांगितलेली माहिती खोटी होती, कित्येक महिने तो घरीच बसून होता. आमच्याकडे पूर्ण रात्र चर्चा झाली आणि ती सगळी झाली गेलेल्या पैशांवर व लोक काय म्हणतील यावर. पहाटे आत्या म्हणाली, सभागृहाचे पैसे लग्न केले तरी गेले आणि मोडले तरी गेले, त्यांना आता या बोलण्यातून उठवा. मग पुढच्या आयुष्याबद्दल बोलणे सुरू झाले आणि अर्ध्या तासात निर्णय झाला. निर्णयशास्त्र याला बुडीत खर्च म्हणते आणि पुढचा निर्णय घेताना तो मोजू नये असे सांगते. आत्या चौथी शिकलेली आहे.

दोन_लेकरांची_आई
मूळ प्रश्नाच्या दुसऱ्या भागाकडे कोणी वळले नाही, म्हणून लिहिते.

मूल हवे की नको, या प्रश्नावर हिशोबाची एक मर्यादा आहे. एल. ए. पॉल या तत्त्वज्ञ बाईंचा युक्तिवाद असा की काही अनुभव माणसालाच बदलून टाकतात. मूल होण्याआधी मी ज्या आवडीनिवडींवरून हिशोब मांडते, त्या आवडीनिवडी मूल झाल्यावर माझ्या राहत नाहीत, आणि नंतर त्या कशा असतील हे आधी कळण्याचा मार्ग नाही. मला झोप, वाचन आणि भटकंती यांचे मोल फार होते. आज ते मोल कमी झाले आहे की मी त्याची सवय लावून घेतली आहे, हे मला स्वतःलाही वेगळे करून सांगता येत नाही. त्यामुळे ‘आम्ही सुखी आहोत, तुम्हीही होऊ द्या’ असा सल्ला देणाऱ्या नातेवाइकांच्या शब्दाला किती वजन द्यायचे हे ठरवणे अवघड आहे. सल्ला देणारी बाई बदलून गेलेली असते. हिशोब बसतो तो पुढच्या प्रश्नांचा: बाळंतपणानंतर नोकरीचे काय, आजी-आजोबा किती आणि कोणाच्या अटींवर सांभाळणार, दोघांपैकी रात्री कोण उठणार. हे लग्नाआधी बोलता येते आणि बोलावे.

वाढवण्याच्या बाबतीत मात्र मला शास्त्राचा थेट उपयोग झाला. समोर मिठाई ठेवून ‘थांबलास तर दोन मिळतील’ असे मुलाला सांगण्याचा प्रयोग सर्वांना माहीत आहे आणि त्यावरून मुलाच्या संयमाविषयी बरेच बोलले जाते. २०१३ मध्ये सेलेस्ट किड आणि सहकाऱ्यांनी त्याआधी एक पायरी जोडली. तीन ते पाच वर्षांच्या काही मुलांना चांगले रंग आणून देतो असे सांगून खरोखर आणून दिले, काहींना सांगून रिकाम्या हाताने परत येऊन माफी मागितली. मग मिठाईचा प्रयोग केला. ज्यांना शब्द पाळलेला दिसला होता ती मुले सरासरी १२ मिनिटे थांबली, बाकीची ३ मिनिटे. मूल हिशोबच करत असते. समोरच्या मोठ्या माणसाचा शब्द खरा ठरण्याची शक्यता त्याला कमी वाटली की हातातले खाऊन टाकणे हाच त्याच्या बाजूने शहाणपणाचा निर्णय असतो. हे वाचल्यापासून आमच्या घरी ‘रविवारी नक्की’ हे दोन शब्द जपून वापरले जातात. जायचे नसेल तर नाही म्हणून सांगतो, रडणे ऐकून घेतो.

धमकीचेही तेच. ‘आता टीव्ही फोडून टाकीन’ ही धमकी कोणी अमलात आणणार नाही हे चार वर्षांच्या मुलालाही कळते. लहान आणि खरोखर अमलात आणता येईल अशीच गोष्ट सांगावी.

तीन_मजली_वाडा
दोन लेकरांची आई, दंडाबद्दलही लिहा. आमच्या संकुलात मुलांच्या शिकवणीवाल्या बाईंनी उशिरा न्यायला येणाऱ्या पालकांना दंड लावला आणि पालक आणखी निवांत यायला लागले.

दोन_लेकरांची_आई
याचा प्रयोग झालेला आहे. इस्रायलमधील हैफा शहरातील दहा पाळणाघरांचा तो अभ्यास होता, उरी ग्नीझी आणि आल्डो रुस्टिकिनी यांनी तो २००० मध्ये प्रसिद्ध केला. दहा मिनिटांहून उशीर झाल्यास दहा शेकेल दंड लावला आणि उशिरा येणाऱ्यांची संख्या वाढत जाऊन जवळपास दुप्पट झाली. पूर्वी बाईंना ताटकळत ठेवल्याची लाज वाटत होती, दंडानंतर ती पैसे देऊन घेतलेली सेवा झाली. पुढे दंड काढून टाकला तरी संख्या खाली आली नाही. म्हणून मी घरकामाला पैसे लावत नाही. ताट उचलायचे ते आपल्या घराचे काम म्हणून. एकदा त्याला दर लागला की ती भावना परत आणणे कठीण जाते.

आम्ही_दोघेच
आम्ही मूल न होऊ देण्याचा निर्णय विचारपूर्वक घेतला. पॉल यांचा युक्तिवाद दोन्हीकडे लागू पडतो हे इथे नमूद व्हावे. मूल असलेल्यांना मूल नसलेले आयुष्य पुढे कसे उलगडते हे ठाऊक नसते आणि आम्हाला त्यांचे. तरीही लग्नसमारंभात ‘नंतर पश्चात्ताप होईल’ हे वाक्य एकाच बाजूला ऐकवले जाते. आमचा हिशोब साधा होता: आम्हा दोघांच्याही आईवडिलांच्या दीर्घ आजारपणाची जबाबदारी आमच्यावर आहे आणि ती आम्हाला अर्धवट करायची नाही. संख्यावेडी, तुमच्या तक्त्यात मुलांविषयीचे मत इतर बाबींबरोबर बेरजेत आहे असे दिसते. ते बेरजेत ठेवू नका. यात तडजोड करायला मधला आकडा नाही, अर्धे मूल होत नाही.

ओझरकर
अगदी खरे. पत्रिकेतल्या एकनाडीची जागा या प्रश्नाला द्यावी.

दहावीचा_बाप
मुलांच्या बाबतीत एक खंत मांडतो. निर्णयाचे परिणाम जो भोगणार आहे त्याच्या हातात निर्णय नसणे, हा आमच्या घरातला सध्याचा तिढा आहे. मुलीला दहावीनंतर कला शाखेत जायचे आहे, आजोबांना विज्ञान हवे आहे कारण ‘विज्ञानातून कलेकडे येता येते, उलटे जाता येत नाही’. पर्याय खुले ठेवण्याचा हा युक्तिवाद चुकीचा नाही, पण पर्याय खुला ठेवण्याचीही किंमत असते आणि ती दोन वर्षे नावडते विषय शिकून मुलगीच देणार आहे, आजोबा नाही. सुट्टीत तिला दोन्हीकडच्या शिक्षकांकडे बसवून पाहणार आहे. आधी थोडे चाखून मग ठरवू.

कॉलेजरोडच्या_आजी
योग्य करता आहात. आजोबांनाही सोबत न्या, त्यांनाही ऐकू द्या.

संख्यावेडी
सर्वांचे मनापासून आभार. इतक्या गांभीर्याने लिहाल असे वाटले नव्हते.

तक्ता ठेवते आहे, परंतु त्यात बदल केले आहेत. मुलांविषयीचे मत, लग्नानंतर माझी नोकरी आणि व्यसन या तीन बाबी बेरजेतून काढून वेगळ्या ठेवल्या आहेत. त्यांत एकीवरही मतभेद असेल तर बाकीचे गुण पाहायचे नाहीत. उरलेल्या बाबींना मी किमान मर्यादा ठरवल्या आहेत, आणि त्या पार करणारा जो पहिला मुलगा मलाही पसंत करेल त्याच्याशी पुढे बोलायचे, त्याच्याहून सरस कोणी येईल का म्हणून थांबायचे नाही. हर्बर्ट सायमन यांनी १९५६ मध्ये मांडलेली ‘पुरेसे चांगले’ शोधण्याची पद्धत ती हीच, अभ्यासक्रमात शिकले होते पण स्वतःला लावून पाहिली नव्हती. भावाला गणित शिक्षकांचा प्रतिसाद वाचायला दिला. त्याला वर्गमूळ आवडले आहे.

बाबांशी काल बोलले. विचारणा कोणाकडे आधी करायची याचा क्रम मी लावेन आणि चौकशी ते करतील, असे ठरले. पत्रिका पाहायला माझी हरकत नाही, मात्र नकार मी देणार असेन तर कारण म्हणून ती वापरायची मुभा मला हवी असे सांगितले, त्यावर आई हसली. पाहण्याच्या कार्यक्रमानंतर आम्हा दोघांना सोमेश्वरला किंवा पांडवलेणीला निवांत बोलू द्यावे, हेही मान्य झाले आहे.

एकच गोष्ट अडली आहे. प्रयोगशाळा ताई, रक्ततपासणीचा विषय समोरच्या घरी कसा काढायचा? आई म्हणते की मुलाकडच्यांना तो संशय वाटेल. आणि नेमकी कोणती तपासणी सांगायची?

प्रयोगशाळा
आधी तुम्ही स्वतःची करून घ्या. तुम्ही वाहक नाही असे निघाले तर समोरच्या घरी विषय काढण्याची निकड राहत नाही, कारण दोघेही वाहक असले तरच बाळाला गंभीर आजाराचा तो धोका असतो. वाहक निघालात तर ‘माझी तपासणी झाली आहे, हा अहवाल, आता आपलीही करून घ्यावी अशी डॉक्टरांची सूचना आहे’ असे सांगता येते. त्यात संशय येण्याजोगे काही राहत नाही, कारण सुरुवात तुमच्यापासून झालेली असते.

तपासणीचे नाव एचपीएलसी पद्धतीने (यात हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून मोजतात) हिमोग्लोबिनची तपासणी, सोबत सीबीसी, म्हणजे रक्तपेशींची मोजणी. दोन्ही एकाच वेळी करा. शरीरात लोह कमी असेल तर एचबीए-२ चा (थॅलेसेमियाच्या वाहकात वाढलेला दिसणारा हिमोग्लोबिनचा प्रकार) आकडा खरा आहे त्यापेक्षा खाली दिसू शकतो आणि वाहक असूनही अहवाल ठीक वाटू शकतो, म्हणून सीबीसीवर रक्तक्षय दिसला तर डॉक्टरांना दाखवून, गोळ्या घेऊन नंतर पुन्हा तपासावे. अलीकडे रक्त चढवले असेल तर तेही आधी सांगा. उपाशीपोटी येण्याची गरज नाही.